डोल्फमास्तरांचा ड्रम आणि वाइबेलबाईंच्या चिठ्ठ्या

आधीच सांगून टाकतो, तो ड्रम मी मागायला गेलो नव्हतो. आमच्या पथकातला वेर्नी शाउब अजूनही तसं म्हणतो, पण वेर्नी काय वाटेल ते म्हणतो. मी निकलाउस हान्शिन, घरचे आणि पथकातले निग्गी म्हणतात. वय सेहेचाळीस, विमा कंपनीत पाण्याच्या नळांमुळे झालेल्या नुकसानीचे दावे तपासतो. कार्निव्हलच्या ‘ओले मोजे’ या पथकात तेवीस वर्षं ड्रम वाजवतो आहे, शेवटून दुसऱ्या रांगेत, डावीकडे. तिथून मला कोणी पुढे बोलावलं नाही आणि मागे ढकललं नाही. आमच्या बाझेल शहरात एवढ्यावर माणूस समाधानानं म्हातारा होऊ शकतो.

जानेवारीतल्या बैठकीला डोल्फमास्तर थोम्मेन काठी टेकत पथकाच्या तळघरात उतरले. मास्तर एक्याऐंशी वर्षांचे. आम्हा सगळ्यांना टिपरू धरायला त्यांनीच शिकवलं. शिवाय सत्तावन्न साली कार्निव्हलचे तिन्ही दिवस त्यांनी जे वाजवलं, त्याबद्दल शहरात अजून बोलतात. ते ऐकून एका खाटकानं दुकान उघडं टाकलं आणि मिरवणुकीमागे चालत सुटला, असं सांगतात. ज्यांचा जन्म साठ साली झाला तेसुद्धा हे डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतात.

मास्तरांच्या मागून दोघांनी पितळी ड्रम आणला. एकोणीसशे आठ सालचा. वरचं कातडं फाटलेलं, दोऱ्या कुजलेल्या, खालच्या बाजूच्या, आतड्यापासून केलेल्या ताती सुटून लोंबत होत्या. आम्ही उभे राहिलो. सत्तावन्नचा ड्रम तो हाच.

“माझे हात गेले,” मास्तर म्हणाले. “निग्गी, हा तू घे. नवं कातडं चढव, सुरात आण. कार्निव्हलच्या सोमवारी दुपारी मिरवणूक माझ्या खिडकीखालून जाईल. ड्रम बोलला तर पथकात राहील, तुझ्याकडे. नाही बोलला तर त्याच आठवड्यात गुरुवारी संग्रहालयाचा माणूस यायचाय. मग काचेच्या कपाटात गप्प बसू दे त्याला.”

वेर्नीच्या हातातला बिअरचा ग्लास तोंडापर्यंत पोचलाच नाही. वेर्नी पहिल्या रांगेत वाजवतो. “निग्गी?” तो म्हणाला. “आपला निग्गी?”

“हो,” मास्तर म्हणाले, आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, तेवीस वर्षांनी का होईना, एका जाणकाराला माझ्या हातातलं काहीतरी दिसलं. खोटं कशाला बोलू, घरी जाताना ट्राममध्ये माझे डोळे भरून आले.

हाताशी पाच आठवडे होते.

पहिला आठवडा पितळेनं खाल्ला. बायको रोसमारी म्हणाली, “निग्गी, हा घासल्याशिवाय माझ्या बैठकीच्या खोलीत यायचा नाही.” मी घासायला बसलो. निम्मा ड्रम लखलखला तेव्हा वेर्नीचा फोन आला. तो म्हणाला, “घासू बिसू नकोस हं, त्या काळपटपणातच आवाज असतो.” मी थांबलो. ऑफिसात विचारलं, तर तिसऱ्या मजल्यावरच्या सर्व लोकांची सर्व मतं मिळाली. आमच्या शहरात दर दुसरा माणूस ड्रम वाजवतो आणि उरलेले बासरी वाजवतात, त्यामुळे फुकट सल्ल्याला तोटा नाही. शेवटी ड्रम तसाच राहिला, एका बाजूनं नवरदेव आणि दुसऱ्या बाजूनं त्याचा सासरा.

दुसरा आठवडा सरहद्दीवर गेला. चांगलं वासराचं कातडं अल्सासमधल्या एका म्हाताऱ्याकडे मिळतं, म्हणजे फ्रान्समध्ये, आमच्या घरापासून सायकलनं पाऊण तास. जाताना कोणी अडवलं नाही. येताना नाक्यावरच्या अधिकाऱ्यानं पुडकं उघडलं.

“मांस?”

“कातडं आहे साहेब. वासराचं. दोन.”

“म्हणजे मांस नव्हे.” त्यानं एक जाडजूड पुस्तक काढलं. “कमावलेलं आहे?”

“नाही. कमावलं तर वाजत नाही.”

“मग कच्चं. कच्चं म्हणजे प्राणिज पदार्थ. त्याला जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागेल. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी बसतात. आज बुधवार.”

“पण डॉक्टर तपासणार काय? वासरू तर गेलं!”

“ते डॉक्टर ठरवतील.” मग फॉर्म भरता भरता त्यानं विचारलं, “कशासाठी वापरणार?” मी ‘ड्रम’ म्हणताच त्याचा चेहरा उजळला. पुस्तक मिटून तो टेबलावर पुढे झुकला. “सावकाश वाळवा बरं का. दोन दिवस तरी. माझ्या मेव्हण्यानं घाई केली, कातडं उभं फाटलं. आणि हीटरच्या जवळपास नेऊ नका.” एवढा जिव्हाळा दाखवून त्यानं कातडी जप्त केली आणि पावती दिली. कातडी शुक्रवारी डॉक्टरांनी तपासून ‘जनावर निरोगी’ असा शेरा मारल्यावर मला मिळाली.

आता वाळवायचं कुठे? पथकाचं तळघर नदीला लागून, तिथे कातडं जन्मात वाळणार नाही. शिवाय तिथे वेर्नी असतो. आमच्या घरात हीटर, हवा भाकरीसारखी कोरडी. उरली ती इमारतीच्या तळघरातली कपडे वाळवायची खोली.

या खोलीला इमारतीत काय मान आहे, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आठ बिऱ्हाडं, पंधरवड्यातून प्रत्येकाला एक दिवस किल्ली. लोकांनी लग्नाच्या तारखा किल्ली बघून ठरवल्या आहेत. मी माझा बुधवार वापरला आणि गुरुवारचा दिवस आमच्या वरच्या मजल्यावरच्या वाइबेलबाईंकडून मागून घेतला. फ्रॉयलाइन ओडिल वाइबेल, त्रेसष्ट वर्षांच्या, लग्न न केलेल्या, टपाल खात्यातून निवृत्त. बोलणं कमी, चिठ्ठ्या फार. जिन्यात सायकल, खिडकीत ब्लँकेट, रविवारी खिळा ठोकणं, सगळ्याची चौकटीच्या कागदावर चिठ्ठी. त्या दिवस सोडतील असं मला वाटलं नव्हतं.

“कशासाठी?” त्यांनी दार अर्धं उघडून विचारलं.

“ड्रमचं कातडं वाळवायचंय.”

“कोणाचा ड्रम?”

“थोम्मेनमास्तरांचा.”

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. ‘गुटन आबेंड’ म्हणून नमस्कारसुद्धा नाही.

दोनांपैकी एक भिजवलेलं कातडं मी ड्रमच्या लाकडी कड्यावर चढवलं, दोऱ्या ओवल्या, ड्रम कपड्यांच्या दोरीखाली स्टुलावर ठेवला, भोवती ओल्या चादरी लावल्या आणि वर पाटी ठेवली, ‘कृपया हात लावू नये’. रखवालदार गीझिन यांनी हात लावला नाही. ते शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी फक्त भिंतीवरचा काटा बघितला. ओलावा ऐंशी टक्के. नियम पन्नासचा. त्यांनी भिंतीवरचं हवा सुकवायचं यंत्र सुरू केलं, तिसऱ्या आकड्यावर.

गुरुवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे बारा ते दोन या शांततेच्या वेळात, तळघरातून बंदूक सुटल्यासारखा आवाज झाला. तळमजल्यावरच्यांनी पोलिसांना फोन केला. मी ऑफिसातून धावत आलो तेव्हा दोन हवालदार, गीझिन आणि वाइबेलबाई स्टुलाभोवती उभे होते. कातडं आरपार चिरलं होतं.

“मी हात लावला नाही,” गीझिन म्हणाले.

वाइबेलबाई वाकल्या, ड्रम उलटा केला, खालून बोटानं टिचकी मारली. “वरचं गेलं,” त्या म्हणाल्या. “खालचं वाचलंय.” आणि जिना चढून गेल्या. मी तेव्हा इतका हादरलो होतो, की टपाल खात्यातल्या बाईला हे कसं कळलं, असा प्रश्न मला पडला नाही. माझ्या विचारांत एकच कातडं शिल्लक होतं आणि अठरा दिवस.

ते शेवटचं कातडं आमच्या न्हाणीघरात वाळलं. तीन दिवस घरात अंघोळ बंद. रोसमारी बहिणीकडे अंघोळीला जायची आणि येताना बहिणीचं मत घेऊन यायची. मी रात्रंदिवस दर दोन तासांनी उठून कातड्याला हात लावून बघत होतो. आमची मुलगी तान्ही असताना मी एवढं उठलो नव्हतो, हे रोसमारीनं दोनदा सांगितलं. पण कातडं वाळलं! अखंड, पांढरं, ताठ. मी पहिला ठोका दिला.

भिजलेल्या पुठ्ठ्यावर बटाटा पडावा तसा आवाज आला.

सुरात आणायचं म्हणजे काय, तर दोऱ्यांवरचे चामडी पट्टे एकेक करून खाली ओढायचे, ठोकायचं, ऐकायचं, पुन्हा ओढायचं. एरवी सराव आम्ही रबरी ठोकळ्यावर करतो. सोमवार उजाडेपर्यंत उघड्यावर ड्रम वाजवायला शहरात सक्त मनाई, ते पाप आमच्यात कोणी करत नाही. म्हणजे हे सगळं घरात, संध्याकाळी सात ते आठ या परवानगीच्या एका तासात. दुसऱ्याच दिवशी पत्रपेटीत चिठ्ठी आली:

‘मंगळवार, ७.०५ ते ७.५५. आवाज. – ओ. वाइबेल.’

हे अपेक्षितच होतं. गुरुवारची चिठ्ठी मात्र अशी होती:

‘गुरुवार, ७.०० ते ७.५०. आवाज. उजवीकडच्या दोऱ्या डावीपेक्षा जास्त ओढल्या आहेत. – ओ. वाइबेल.’

माझं डोकंच फिरलं. “बघितलंस? आता आवाज होतो म्हणून नाही, वाईट होतो म्हणून तक्रार!”

रोसमारीनं चिठ्ठी वाचली. “आहेत का जास्त ओढलेल्या?”

“प्रश्न तो नाहीये!”

“पण आहेत का?”

होत्या. सारख्या केल्यावर बटाटा जरा कोरडा झाला. पुढच्या चिठ्ठ्या येत राहिल्या. ‘ताती फार घट्ट. ड्रम घुसमटतो.’ ‘ताती फार सैल. वाळू चाळल्यासारखं वाटतं.’ ‘ताती ओल्या फडक्यानं पुसाव्यात, मग रात्रभर हात लावू नये.’ मी प्रत्येक चिठ्ठीवर संतापलो आणि प्रत्येक चिठ्ठी पाळली. कार्निव्हलच्या आधीच्या शनिवारी मी ठोका दिला आणि माझा मीच दचकलो. कोरडा, स्वच्छ, आणि मागे बारीक शेपूट असलेला आवाज. ड्रम बोलला होता. मी रोसमारीला मिठी मारली. ती म्हणाली, “आता हात लावू नकोस त्याला. ऐक माझं.”

मी रविवारी संध्याकाळी हात लावला. एक पट्टा, जेमतेम बोटभर खाली ओढायचा होता. पट्टा निसटला, लाकडी कडं उसळलं आणि उजवा अंगठा कड्यात आणि पितळेत सापडला. रात्री इस्पितळातल्या डॉक्टरनं फोटो दाखवला. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. “ड्रम?” त्यानं विचारलं. मी मान हलवली. “आज सहावा,” तो म्हणाला, आणि प्लॅस्टर घातलं.

सोमवारी पहाटे सगळी पथकं ड्रम वाजवून कार्निव्हल सुरू करतात, ते मी अंथरुणात पडून खिडकीतून ऐकलं. पण खरा प्रश्न दुपारचा होता. दीड वाजता मिरवणूक. अडीचच्या सुमारास मास्तरांची खिडकी. वेर्नीला ड्रम द्यावा, हे मला समजत होतं. पण मास्तरांनी मला दिला होता. त्या तळघरात सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं होतं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

बारा वाजता मी वाळवायच्या खोलीत स्टुलावर बसून डाव्या हातानं टिपरू धरायचा प्रयत्न करत होतो. त्या वर्षी आमचं पथक दंतवैद्यांचं होतं. तीस ड्रमवाले आणि चाळीस बासरीवाले, सगळे पांढऱ्या कोटात, डोक्यावर खांद्यापर्यंत येणारे मुखवटे, त्यावर बत्तीस दातांचं हसू. माझा मुखवटा शेजारी खुंटीला लटकून माझ्याकडे बघून हसत होता. दारात वाइबेलबाई उभ्या राहिल्या.

“शांततेची वेळ आहे, हेर हान्शिन.”

“माझा अंगठा मोडलाय हो, फ्रॉयलाइन वाइबेल!” मी म्हणालो, आणि सांगायला लाज वाटते, पण मला हुंदका आला. “गुरुवारी तो काचेत जाणार.”

त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. मग ड्रमकडे. मग माझ्या हातातली टिपरं काढून घेतली. ड्रमच्या कडेवर, अगदी हळू, त्यांनी टिपरं सोडली. मला दोन टिपरं ऐकूच आली नाहीत. एकच अखंड धार होती, आणि ती वाढत गेली, उतरली आणि थांबली. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले.

“कोट कोणत्या मापाचा आहे?” त्यांनी विचारलं.

“पण नियमावली... कलम तीन... सभासद पुरुष असावा...”

“मुखवट्यावर कलम लिहिलेलं असतं का? रस्त्यात तो कोणी उचलत नाही. माप सांगा.”

दीड वाजता शेवटून दुसऱ्या रांगेत, डावीकडे, निग्गी हान्शिन उभा होता, नेहमीपेक्षा थोडा बुटका. खरा निग्गी जादा कोट आणि जादा मुखवटा चढवून पुढच्या पत्रकं वाटणाऱ्या दंतवैद्यांत घुसला. दंतवैद्य मोजायचं कोणाला सुचत नाही. पत्रकं हातात घेऊन मी मात्र धोके मोजत होतो. एका बाईला पथकात घातलं हे कळलं असतं तर मला काढलं असतं. वाइबेलबाई मध्येच दमल्या असत्या तर सगळा खेळ खलास. आणि ड्रमवर काल मी पट्टा हलवला होता, तो कसा बोलेल हे मलाच माहीत नव्हतं.

मिरवणूक निघाली. पहिल्या वळणापर्यंत मी मागे बघितलं नाही. मग मला ऐकू आलं. एकोणतीस ड्रम एका सुरात चालले होते आणि त्यांच्यामधून एक तिसावा येत होता, बाकीच्यांना हाताला धरून नेणारा. मागच्या रांगेतून पुढच्या रांगेवर हुकूम चालत होता. लोक फूटपाथवरून मागे मागे चालू लागले. एक बाई कांदा भरलेल्या पेस्ट्रीचा तुकडा हातात धरून उभी होती, तिनं तो खायचा सोडला.

मास्तर खिडकीत नव्हतेच. ते खाली दारात खुर्ची टाकून बसले होते, पायांवर शाल. आम्ही जवळ आलो तसे ते काठीवर भार देऊन उठले. शेवटून दुसरी रांग समोरून गेली तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि ते उघड्या डोक्यानं थंडीत उभे राहिले. ते रडत होते. मी तीस पत्रकं एकाच मुलीच्या हातात कोंबली.

संध्याकाळी तळघरात भाजलेल्या पिठाच्या सूपचे वाडगे फिरत होते. वाइबेलबाईंनी कोट घडी करून, ड्रम पुसून केव्हाच परत केला होता. मी आत शिरलो आणि सगळे उठून उभे राहिले. वेर्नीनं मला मिठी मारली. वेर्नीनं! “निग्गी, लेका, एवढं हातात असताना तेवीस वर्षं लपवून ठेवलंस?”

तेवीस वर्षांत मला कोणी असं विचारलं नव्हतं. ‘घरी थोडा सराव केला’, एवढंच म्हणायचं होतं. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मग मी प्लॅस्टरचा अंगठा वर धरला. “मी वाजवलं नाही. हे बघा.”

सगळे वाकून प्लॅस्टर बघू लागले. मग वेर्नीनं टेबलावर मूठ आपटली. “मोडक्या अंगठ्यानं वाजवलं रे यानं! मोडक्या अंगठ्यानं!” आणि सगळे माझ्या नावानं ओरडू लागले. मी शपथा घेतल्या. लोक म्हणाले, काय हा विनय! आयुष्यात पहिल्यांदा मी एवढा मोठा झालो होतो आणि आता लोक मला त्यावरून खाली उतरू देत नव्हते.

“तो खरं बोलतोय.”

डोल्फमास्तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. “आज निग्गीनं वाजवलं नाही. आणि सत्तावन्न साली मीही वाजवलं नाही.”

सगळे सूपचे वाडगे खाली ठेवून त्यांच्याकडे वळले.

“माझं मनगट मोडलं होतं,” मास्तर म्हणाले. “पथकाला कळलं असतं तर मला मागे टाकलं असतं. माझ्या जागी एका बाईनं मुखवटा घातला. ओडिल वाइबेल. तिचा भाऊ घरी वाजवायचा, ती ऐकून शिकली होती. नंतर लोक माझं कौतुक करायला लागले. पहिल्या दिवशी मी म्हणालो, घरी थोडा सराव केला. मग ते पुसताच आलं नाही. तिचे आभारसुद्धा मानले नाहीत मी. तीस वर्षं ती माझ्याशी बोललेली नाही. मरायच्या आधी मला तो हात एकदा ऐकायचा होता.”

“पण मग ड्रम मला का दिलात?” मी विचारलं. खरं तर मला उत्तर नको होतं.

“तू तिच्या खालच्या मजल्यावर राहतोस.”

प्रथम वेर्नी हसला, मग सगळे हसले, आणि शेवटी मीही हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. म्हणजे मास्तरांनी माझ्या हातात काही पाहिलं नव्हतं. माझा पत्ता पाहिला होता. मला वाईट वाटलं आणि ते बरेच दिवस वाटत राहिलं.

संग्रहालयाचा माणूस गुरुवारी आला. पथकानं त्याला दंतवैद्याचा एक मुखवटा देऊन परत पाठवलं. त्याच दुपारी डोल्फमास्तर आमच्या इमारतीत आले. ड्रम मी उचलला, डाव्या हातानं. वाइबेलबाईंच्या दाराशी पोचलो तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

“बेल वाजवू?” मी विचारलं.

मास्तरांनी दाराकडे बघितलं. “शांततेची वेळ आहे,” ते म्हणाले. “थांबतो मी.” आणि पायरीवर बसले, ड्रम मांडीवर घेऊन.  तासभर ते तसेच बसले असतील. मी खाली माझ्या दारात उभा होतो. मग वर कडी वाजली. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी सांगितलं नसतं. दार मिटलं. थोड्या वेळानं ड्रम सुरू झाला, बंद दारामागे, पूर्ण आवाजात.

गीझिन धावत जिन्यात आले, घड्याळ पुढे करून. “हेर हान्शिन! एक वाजून दहा मिनिटं!” मी जिन्यात आडवा उभा राहिलो. आयुष्यात मी रखवालदाराला कधी अडवलं नव्हतं. पण त्या दिवशी अडवलं, आणि तो आवाज संपेपर्यंत हललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठही पत्रपेट्यांत चिठ्ठ्या होत्या. चौकटीचा कागद, तेच अक्षर:

‘गुरुवार, १.१० ते १.३०. शांततेच्या वेळात आवाज. माझा. क्षमस्व. – ओ. वाइबेल.’